दगड आणि दारू

फ्रान्सच्या ग्रामीण भागातून आठ दिवस मोटार हाकीत हिंडण्यात असे काय मिळते, हा प्रश्न परतल्यापासून मला पुष्कळांनी विचारला. परंतु प्रश्न विचारून त्याचे उत्तरही स्वतःच, आणि तेही अवघ्या पाच शब्दांत, देऊन टाकण्याचा पराक्रम गेल्या महिन्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत आमच्या एका स्नेह्यांनी केला. “पडके दगड आणि महागडी दारू!” असे म्हणून त्यांनी जिलबीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवला, आणि पंगतीत जो हशा पिकला त्यातच विषय निकालात निघाला असे सर्वजण धरून चालले.

हे गृहस्थ सरकारी नोकरीतील एका मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. वाचन बेताचे, वाणी मात्र दांडगी. आणि तीन वर्षांपूर्वी ‘दहा दिवसांत सात देश’ उरकून आल्यामुळे युरोप खंडाविषयी अखेरचा निवाडा देण्याचा मक्ता आपल्याकडे आला आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत. हा निवाडा त्यांच्या एकट्याचा असता तर मी मठ्ठा संपवून मुकाट उठलो असतो. पण ज्याने पॅरिसचा लोखंडी मनोरा पाहिला त्याने फ्रान्स पाहिला, आणि त्यापलीकडे जो गेला तो एकतर शौकीन असला पाहिजे किंवा शहाणपण मिरवणारा, हा आज आपल्याकडील सुशिक्षित, सुस्थित आणि पासपोर्टधारी वर्गाचा जणू सर्वानुमते संमत झालेला ठराव आहे. त्या ठरावाला विरोधी मत नोंदवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मांडले असते त्याहून नेटके मांडावे आणि मगच त्याचे खंडन करावे, ही आपल्या शास्त्रकारांची रीत. ती मोडण्याचे मला कारण नाही. तेव्हा पूर्वपक्ष असा: भग्नावशेषांची आपल्याकडे वाण नाही, सह्याद्रीच्या प्रत्येक शिखरावर एक बुरूज ढासळतो आहे, मग परक्यांचे ढासळलेले बुरूज पाहायला लाखो रुपये का मोजावेत? चर्च म्हणाल तर एक पाहिले की सर्व पाहिली. द्राक्षमळ्यांची सहल हे तर सभ्य माणसाने सकाळी अकरापासून पिण्यासाठी शोधलेले निमित्त, त्याला संस्कृतीचा मुलामा. आणि एवढे करूनही तेथले मध्ययुग अस्सल नाहीच; एकोणिसाव्या शतकातल्या गवंड्यांनी डागडुजी करून पर्यटकांसाठी सजवलेला तो देखावा आहे. उरली गोष्ट स्वतः मोटार हाकण्याची. तर बसने पाच देश होतात तेथे एका जिल्ह्यात आठ दिवस रेंगाळणे याला हौस म्हणावे की हट्ट? शेवटी, माझ्या बहिणीने पंगतीत फिरवलेली छायाचित्रे पाहून स्नेह्यांनी जो घाव घातला तोही नमूद करतो, कारण तो खरोखर मार्मिक होता: “अहो, तुम्ही तर द्राक्षंसुद्धा पाहिली नाहीत. नुसती खुंटं पाहून आलात!”

हे खरे आहे. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात बर्गंडी प्रांतात होतो, आणि त्या सुमारास तेथील मळ्यांत गुडघ्याएवढ्या काळ्या, वेड्यावाकड्या खोडांखेरीज काहीही नसते. बरोबर माझी पत्नी, थोरली बहीण आणि दाजी होते. दाजींची पिंपळगाव बसवंताजवळ अकरा एकर द्राक्षबाग आहे. त्यांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नाही आणि चर्चमध्ये शिरण्याची त्यांना हौस नाही. या मनुष्याची साक्ष मी पुढे काढणार आहे. तूर्त मुद्द्याचे.

‘दगड आणि दारू’ या सिद्धान्तावरील माझा पहिला आक्षेप दगडालाही नाही आणि दारूलाही नाही. तो मधल्या ‘आणि’ या उभयान्वयी अव्ययाला आहे. ज्या दोन वस्तू मुळात एक आहेत त्यांच्यामध्ये अव्यय घालून त्या दोन करण्याचा अधिकार या लोकांना कोणी दिला? इ.स. ९१० च्या सुमारास अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने क्लूनी येथील आपली जागा मठाला इनाम दिली, आणि त्या सनदेत आपल्याकडील कोणत्याही इनामपत्रात शोभेल अशी कलमे घातली की, या मिळकतीवर राजाने, सरदाराने किंवा आपल्या स्वतःच्या वंशजांनीही कधी हक्क सांगू नये. त्या सनदेत इनामाचा तपशील आहे. प्रार्थनागृहे, स्त्री-पुरुष वेठबिगार, द्राक्षमळे, शेते, कुरणे, राने, पाणी, गिरण्या अशी ती यादी एका दमात वाहत जाते. दगड आणि द्राक्ष तेथे एकाच श्वासात उच्चारले आहेत. दोहोंच्या मध्ये बसलेल्या त्या वेठबिगारांचा विसर मात्र प्रतिपक्षाला आणि पर्यटन खात्याला सारखाच पडतो. त्यांनीच दगड वाहिले, त्यांनीच वेली छाटल्या.

या क्लूनीच्या मठात १०८८ मध्ये तिसऱ्या चर्चचा पाया घातला गेला. लांबी १८७ मीटर. सोळाव्या शतकात रोममध्ये संत पीटरचे नवे चर्च उभे राहू लागेपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठे चर्च नव्हते. मग राज्यक्रांती झाली, २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या नावे जप्त झाली, आणि १७९८ मध्ये ही जगातली महावास्तू व्यापाऱ्यांना विकली गेली. त्यांनी तिचे काय केले? तिच्या पोटातून रस्ता काढला, भिंती सुरुंगांनी उडवल्या, आणि १८२३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, तिचा दगडाची खाण म्हणून उपयोग केला. आज एक आडवी बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा उभा आहे. सगळे मिळून मूळच्या वास्तूचा एक दशांशही नसेल. शेजारी त्याच दगडांतून नेपोलियनच्या हुकमाने उभारलेली घोड्यांची पागा आहे. पागा सुस्थितीत आहे.

आता दुसरे टोक पाहा. बेनेडिक्टपंथीयांच्या ऐश्वर्याला विटून काही भिक्षू १०९८ मध्ये दिजों शहराच्या दक्षिणेस सितोच्या दलदलीत जाऊन राहिले. त्यांना बाराव्या शतकाच्या आरंभापासून जवळच्या उतारावर जमिनीचे तुकडे दानात मिळत गेले, काही त्यांनी खरेदी केले, काही अदलाबदलीने घेतले, आणि १३३६ पर्यंत सुमारे ५० हेक्टरांचा तो सलग मळा दगडी भिंतीने बंदिस्त केला. हाच क्लो द वूजो. क्रांतीत तोही जप्त झाला, १७९१ मध्ये तोही विकला गेला. हातोडा तोच, कारण तेच, वर्षेही मागेपुढे तीच. पण क्लूनीचे चर्च गाड्यांत भरून गेले आणि वूजोचा मळा जेथल्या तेथे राहिला. त्याची भिंत उभी आहे, आतले द्राक्ष पिकते आहे, आणि भिक्षूंनी जेवढ्याला कुंपण घातले तेवढ्यालाच आजही ते नाव लावता येते, हातभर अलीकडे नाही की पलीकडे नाही.

तेव्हा मला सांगा, मध्ययुगाचे अधिक अस्सल स्मारक कोणते? ज्या मनुष्याने क्लूनीचा उरलेला मनोरा पाहिला आणि वूजोकडे ‘तेथे पितात’ म्हणून पाठ फिरवली, त्याने मृत मध्ययुगाचे दर्शन घेतले आणि जिवंत मध्ययुगाला नाक मुरडले. ज्याने वूजोची बाटली घेतली आणि क्लूनीला ‘पडके दगड’ म्हटले, त्याला ती बाटली कोणी बनवली हेच कळले नाही. दोघेही अर्धेच, मात्र दुसऱ्याला निदान चव तरी आठवते.

येथे प्रतिपक्षातील एखादा चिकित्सक उठेल आणि म्हणेल की, बाराव्या शतकातली वेल आज कोठे आहे? अगदी खरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेहून आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्सभरच्या वेलींची मुळे खाऊन टाकली, आणि अखेर त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधून सारी लागवड नव्याने करावी लागली. हे मला ठाऊक होते. पण ते प्रत्यक्ष दाखवले दाजींनी. वूजोच्या भिंतीलगत ते खाली बसले, खोडाजवळची माती बोटाने बाजूला केली, कलमाचा सांधा चाचपला आणि मान वर न करता म्हणाले, “यांचाबी खुंट अमेरिकेचाच का? आपल्या डॉगरिजवानी?” आमच्याकडे डॉगरिज आला तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी, त्यांच्याकडे अमेरिकन खुंट आले ते किडीसाठी, कारणे निराळी, सांधा तोच. मग त्यांनी पावलांनी अंतर मोजले. त्यांच्या बागेत नऊ बाय पाच फूट. येथे दोन्ही बाजूंनी जेमतेम एक मीटर, म्हणजे हेक्टरी सुमारे दहा हजार वेली. त्यांच्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. येथे हिवाळ्यात वेल झोपली असता एकदाच. आणि उत्तम दर्जाच्या मळ्यांना हेक्टरी सुमारे ३५ हेक्टोलिटरांहून अधिक रस काढायला कायद्यानेच मनाई आहे हे मी सांगितले तेव्हा ते थबकून उभे राहिले. “सरकार सांगतं, माल कमी काढा म्हणून?” या प्रश्नातले आश्चर्य मी विसरणार नाही, कारण कोणत्याही वाटाड्याच्या व्याख्यानापेक्षा त्या एका प्रश्नात बर्गंडीचा सारांश होता.

वेल जुनी नाही. हद्द जुनी आहे. आमच्या सातबाऱ्यावर जसे गट आणि पोटहिस्से असतात तसे या चिंचोळ्या उतारावर १,२४७ नामांकित तुकडे आहेत; त्यांना तेथे ‘क्लिमा’ म्हणतात, आणि २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले ते हेच तुकडे, म्हणजे एका अर्थी गावनकाशाच! एका तुकड्याची जमीन पाणी लवकर सोडते, दुसऱ्याची धरून ठेवते, तिसऱ्याला सकाळचे ऊन अर्धा तास आधी लागते. आणि केवळ तेवढ्यावरून शेजारच्या दोन वाफ्यांच्या किमतीत दसपट अंतर पडते. भिक्षू माती चाखून हद्दी ठरवत, ही गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात. ती दंतकथा आहे. माती चाखण्यापेक्षा कंटाळवाणे आणि कठीण असे एक काम त्यांनी केले: पिढ्यान्‌पिढ्या त्याच तुकड्यांतून तेच पीक घेतले आणि फरक ध्यानात ठेवला. राजसत्तेनेही त्यात हात घातला. १३९५ मध्ये धाडसी फिलिप या ड्यूकने फर्मान काढून भरघोस पण हिणकस गामे जातीची वेल आपल्या मुलखातून उपटून टाकण्यास सांगितले आणि पिनोला आश्रय दिला. प्रजेने ते मुकाट्याने मानले असे समजू नका. पण आज त्या उतारावर उभे राहून पाहिले तर खटला कोण जिंकले ते दिसते. शेताचा मान गावाहून मोठा झाल्याचेही याच उतारावर दिसते. आपल्याकडे माणसाला गावावरून आडनाव पडते. येथे जेव्रे या गावाने १८४७ मध्ये राजाज्ञेने आपल्या शिवारातील शांबेर्तँ या शेताचे नाव आडनावासारखे स्वतःला लावून घेतले!

आता दारूकडे वळू, कारण प्रतिपक्षाचा सारा नैतिक दारूगोळा तेथे साठवलेला आहे. मी मद्यपानाची तरफदारी करायला बसलेलो नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत आणि त्यांविषयी विनोद करण्याची मला इच्छा नाही. पण ज्या स्नेह्यांनी पंगतीत नाक मुरडले त्यांच्याच घरी, अशक्तपणावर म्हणून, द्राक्षासवाची बाटली फडताळात असते, आणि आसव म्हणजे आंबवलेले द्रव्य हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. संत बेनेडिक्टाने सहाव्या शतकात मठासाठी जे नियम घातले त्यांत वाइनचे रोजचे माप ठरवून दिले आहे, आणि ते देताना, भिक्षूंनी खरे तर मुळीच पिऊ नये, पण आजकालच्या भिक्षूंना ते पटणार नाही, अशा आशयाची कुरकूरही नोंदवली आहे. निषेध आणि मोजमाप यांतील हा तह दीड हजार वर्षांचा आहे. आमच्या पंगतीत तो कोणाला ठाऊक नव्हता. शिवाय तळघरात चव घेण्याचा विधी या लोकांनी कधी पाहिला आहे काय? घोटभर घ्यायचा, तोंडात खेळवायचा, आणि थुंकायचा. त्यासाठी पिंप ठेवलेले असते. पिकदाणीचा ज्या समाजाला इतका दांडगा अनुभव, त्याने या प्रकाराला व्यसन म्हणावे? मी गाडी चालवत होतो म्हणून प्रत्येक घोट थुंकलो, माझी बहीण प्रत्येक वेळी म्हणाली, “एवढे पैसे देऊन थुंकतोस कशाला?” तिचा आक्षेप प्रतिपक्षाच्या आक्षेपापेक्षा बळकट होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

आणि दारूचा पैसा कोठे जातो? बोन या गावात निकोला रोलँ या बर्गंडीच्या ड्यूकच्या दिवाणाने आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ हिने १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. १ जानेवारी १४५२ रोजी तेथे पहिला रोगी दाखल झाला, आणि लोकांनी दानपत्रांनी दिलेल्या द्राक्षमळ्यांच्या उत्पन्नावर ते पाचशेहून अधिक वर्षे, १९७१ पर्यंत, त्याच दालनांत चालले. मळे अजून आहेत. १८५९ पासून दर नोव्हेंबरात त्यांच्या वाइनचा जाहीर लिलाव होतो आणि रक्कम धर्मादायाला जाते. रोलँ साधू नव्हता. फ्रान्सचा राजा अकरावा लुई म्हणे एकदा म्हणाला होता की, ज्याने इतक्यांना भिकेला लावले त्याने त्यांच्यासाठी एक धर्मशाळा बांधावी हे रास्तच. तरीही मला एवढेच विचारायचे आहे की, आपल्या किती दिवाणांनी निवृत्तीनंतर पाच शतके टिकेल असे काही मागे ठेवले? लाकडी कमानीखाली दोन्ही बाजूंना ओळीने खाटा, लाल पडदे, टोकाला वेदी. मरणाऱ्याला पडल्या पडल्या वेदी दिसावी अशी ती रचना. आमच्या स्नेह्यांच्या शब्दकोशात हेही ‘दगड’ याच सदरात मोडते.

‘एक चर्च पाहिले की सर्व पाहिली’ हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले त्याने एकही पाहिले नसावे. बर्गंडीतच एका पिढीच्या अंतरात दोन चर्चे उभी राहिली: ओतंचे संत लाझारचे आणि फोंतनेच्या मठाचे. पहिल्याच्या दारावर अंतिम न्यायाचा असा देखावा कोरला आहे की, सांगाडे झालेले पापी, त्यांच्या गळ्याभोवती आवळणारे राक्षसी पंजे आणि तराजूच्या दांडीला लोंबकळणारे सैतान पाहून दाजीसुद्धा थबकले. दुसऱ्यात कोरीव राक्षस नाहीत, रंग नाही, मनोरा नाही. केवळ उजेड आणि भिंत. हा योगायोग नव्हे, हा वाद आहे. सितोपंथीयांचा पुढारी बेर्नार याने ११२५ च्या सुमारास एक खरमरीत प्रबंध लिहून मठांतील कोरीव राक्षसांवर हल्ला चढवला: गरीब उघडे फिरत असताना भिंती कशाला नटवता, आणि भिक्षूने ग्रंथ वाचावा की दगडातले वानर पाहत बसावे? फोंतने हे त्या प्रबंधाचे दगडातले भाषांतर आहे. दोन चर्चे जेथे अशी कडाकडा भांडत आहेत तेथे ती ‘सारखीच’ दिसायला विशेष प्रकारची दृष्टी लागते, आणि ती वातानुकूलित बसमध्ये चांगली विकसित होते.

ओतंच्या त्या देखाव्याची हकीकत मला आमच्या स्नेह्यांना मुद्दाम ऐकवायची आहे, कारण तीत त्यांचे पूर्वज भेटतात. १७६६ मध्ये तेथील धर्माधिकाऱ्यांना हे शिल्प गावंढळ आणि अभिरुचीहीन वाटू लागले. त्यांनी त्यावर गिलावा फासला, आणि ख्रिस्ताचे मस्तक गिलाव्याबाहेर येते म्हणून ते छाटून टाकले. पंचवीस-तीस वर्षांनी क्रांतिकारक हातोडे घेऊन आले तेव्हा फोडण्यासारखे त्यांना काही दिसलेच नाही. १८३७ मध्ये गिलावा निघाला, आणि मस्तक १९४८ मध्ये पुन्हा धडावर बसले. म्हणजे तुच्छतेनेसुद्धा कधीकधी कला वाचते. याच चर्चमधली आडवी पहुडलेली ईव्ह तर एका घराच्या भिंतीत बांधकामाचा दगड म्हणून चिणलेली होती. ते घर १८५६ मध्ये पाडले तेव्हा ती सापडली. पडके दगड पाहण्यात काय अर्थ, असे विचारणाऱ्याने निदान पडलेल्या प्रत्येक दगडाची दुसरी बाजू उलटून पाहावी.

वेझलेविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण तेथे मला आपल्या घरचे कोणी भेटले. टेकडीच्या माथ्यावरील या चर्चबाहेर ३१ मार्च ११४६ रोजी याच बेर्नारने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली; ते युद्ध पुढे सपशेल फसले, हे वाटाडे हळूच सांगतात. आतल्या दारावर ख्रिस्त आपल्या शिष्यांना पृथ्वीच्या टोकांपर्यंत पाठवीत आहे, आणि टोकांवरचे लोक कसे असतात ते शिल्पकाराने कडेने कोरले आहे: कुत्र्याच्या तोंडाचे, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके, आणि एक कुटुंब असे की ज्यांचे कान अंगभर पांघरता येतील एवढे. आमची पत्नी त्या कानांकडे बघत म्हणाली, “हे तर महाभारतातले.” खरेच आहे. सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ नावाचे लोक आहेत, म्हणजे कानच ज्यांचे पांघरूण. चंद्रगुप्ताच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थेनिसने तशाच लोकांची वार्ता ग्रीकांना दिली. आणि ग्रीक-रोमन ग्रंथांतून फिरत फिरत ती या बाराव्या शतकातल्या दारावर येऊन थांबली असावी. ज्या दारावर हिंदुस्थानची गप्प इतक्या आदराने कोरलेली आहे ते दार हिंदी मनुष्याने ‘आणखी एक चर्च’ म्हणून सोडून द्यावे? त्याच गावात, चर्चपासून हाकेच्या अंतरावर, महात्माजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांच्यावर युरोपला पुस्तके लिहून देणारे रोमाँ रोलाँ १९३८ पासून राहिले आणि १९४४ च्या डिसेंबरात तेथेच वारले. आमच्या स्नेह्यांच्या सात देशांच्या कार्यक्रमात वेझले नव्हते. सुगंधी द्रव्यांचे एक दुकान होते, आणि तेथे दीड तास.

उरला बनावटपणाचा आरोप. होय, वेझलेचे चर्च कोसळण्याच्या बेतात असता सरकारी वास्तुनिरीक्षक मेरिमे याच्या शिफारशीवरून १८४० मध्ये व्हियोले-ल-द्यूक या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाला तेथे धाडण्यात आले, आणि बाहेरच्या दारावरील शिल्प त्याच्या कारकिर्दीतले आहे. होय, बोनच्या रुग्णालयाची रंगीबेरंगी कौले विसाव्या शतकाच्या आरंभी बदललेली आहेत. होय, वूजोच्या गढीत लाल-सोनेरी झगे घालून मेजवान्या झोडणारा तो शूर रसिकांचा संघ मध्ययुगीन नसून १९३४ मध्ये, दारूला गिऱ्हाईक मिळेना तेव्हा, स्थापन झाला आहे. ते झगे पाहून मलाही हसू आले. मग? झगे खोटे म्हणून झग्यांमागचे, द्राक्षे पिळायचे जुने लाकडी चरक खोटे होतात काय? ज्या समाजात जीर्णोद्धार म्हणजे हेमाडपंती गाभाऱ्याला स्नानगृहाच्या फरश्या आणि काळ्या पाषाणाला ऑइल पेंट, त्याने व्हियोले-ल-द्यूकवर आक्षेप घ्यावा ही मौज आहे. तेथील लोकांनी तर १९९७ पासून गेदलाँच्या रानात तेराव्या शतकाच्या पद्धतीने, त्याच हत्यारांनी, एक नवाच किल्ला बांधायला घेतला आहे. चुना कसा भाजत आणि तुळई कशी तासत हे करून पाहण्यासाठी. याला कोणी पोरखेळ म्हणेल. परंतु २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामचे छप्पर जळाले आणि ओकच्या तुळया पुन्हा हाताने तासण्याची वेळ आली तेव्हा त्या कामावर गेदलाँमध्ये हात बसलेले सुतारही होते. आपल्या स्नेह्यांनी त्या नोत्र दामपुढे उभे राहून छायाचित्र काढले आहे; तुळयांविषयी त्यांना विचारू नये.

बसविषयी दोनच वाक्ये पुरेत. बस हमरस्त्याने जाते. आणि दिजोंहून दक्षिणेला जाणारा तो डी ९७४ नावाचा हमरस्ता हीच बहुतेक ठिकाणी थोर मळ्यांची खालची हद्द असल्यामुळे बसमधला प्रवासी नेमका कुंपणाच्या बाहेरून, उजवीकडे बर्गंडी आणि डावीकडे भलतेच काहीतरी अशा अवस्थेत, झोपलेला नेला जातो.

आता दाजींची साक्ष. वूजोच्या भिंतीआड त्या दिवशी एक वयस्क मजूर एकटाच छाटणी करीत होता. पिंप उभे चिरून केलेल्या हातगाडीत कापलेल्या काड्या जाळीत, गाडी ओळीओळीने पुढे ढकलीत. थंडी मी म्हणत होती. दाजी तारेपाशी जाऊन उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या मनुष्याने दाजींचे हात पाहिले असावेत, कारण जरा वेळाने त्याने आपली कात्री उलटी धरून त्यांच्यापुढे केली. दाजींनी वेलीभोवती एक फेरी मारली, एक काडी निवडली, डोळे मोजले आणि कापली. मजुराने मान हलवली, पुढचा एक डोळा स्वतः उडवला, आणि बोट वर केले: एवढेच ठेवायचे. मग दोघे त्या काड्यांच्या जाळावर हात शेकीत उभे राहिले. आम्ही गाडीत बसून वाट पाहत होतो. वाटेत मी दाजींना सांगितले की, हा मळा १८८९ पर्यंत एका धन्याचा होता. मग विक्रीने फुटला, पुढे वारसांनी वाटला, आणि आज या एका कुंपणात सुमारे ऐंशी मालक आहेत, कोणाच्या चार ओळी, कोणाच्या दहा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

साखरपुड्याच्या त्या पंगतीत हशा ओसरल्यावर स्नेह्यांनी दाजींकडे मोर्चा वळवला. दाजी माझ्याप्रमाणे लेख लिहीत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडून दुजोरा मिळेल असा त्यांचा होरा असावा. “काय हो, तुम्ही तर बागाईतदार माणूस. तुम्ही काय पाहिलंत तिथं?”

दाजींनी पानातला भात कालवता कालवता थोडा विचार केला. “बांध पाहिला,” ते म्हणाले. “ऐंशी हिस्सेदार हायेत आत. सातशे वर्षांत कुणी कोरला नाही.”